आपत्तीचा खर्च आणि हिशेबाचा हक्क



घरावर संकट कोसळले म्हणजे घरचा कर्ता माणूस चारचौघांस बोलावून सल्लामसलत करीत बसत नाही. कौले उडाली, पाणी उंबऱ्यावर चढले, की कणगीत पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेले भातसुद्धा तो बाहेर काढतो. खर्च आधी होतो, विचारणा मागाहून होते. त्यात गैर काही नाही. परंतु पाणी ओसरले आणि कौले पुन्हा चढली, म्हणजे त्याच घरातील माणसे विचारतात : किती काढले, कोणास दिले, पेरणीस काय उरले? हा प्रश्न विचारण्याची ज्या घरात कोणास मुभा नाही, त्या घराची कणगी फार दिवस भरलेली राहत नाही.

राज्याच्या तिजोरीचा न्याय ह्याहून वेगळा नाही. वादळ, महापूर, अवर्षण किंवा रोगाची साथ आली म्हणजे सरकारला विधानमंडळ भरण्याची वाट न पाहता पैसा खर्च करावा लागतो. तो खर्च थांबवा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. संकट टळल्यावर त्या खर्चाचा हिशेब कोण मागतो, तो कोणापुढे मांडला जातो, आणि त्या हिशेबात आपल्या वस्तीचे नाव असते की नसते?

हा विषय मुंबईतील अर्थशास्त्र्यांचा आहे, आपला नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटत असेल. हा समज आपण सोडून द्यावा. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन होईपर्यंत कुडाळ त्या संस्थानात मोडत होते. संस्थानचा कारभार चांगला असो वा वाईट, तो राजाचा कारभार होता आणि खजिना राजाचा होता. आपल्या वाडवडिलांची तर गावच्या पाणवठ्यापाशीही अडवणूक होत असे. दुष्काळात वा पुरात त्यांच्या पदरात जे पडे ती मेहेरबानी समजली जाई, आणि मेहेरबानीचा हिशेब कोणास मागता येत नाही. आज आपत्तीनंतर जे साहाय्य मिळते ते कायद्याने मिळते. ते भीक नव्हे, दानही नव्हे. जो माणूस साहाय्य हक्क म्हणून घेतो त्यालाच त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार पोचतो. आणि जो हिशेब मागत नाही तो आपल्या हक्काची पुन्हा मेहेरबानी करून टाकतो.

घटनेने घातलेली कुलुपे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण सरकारच्या जमाखर्चाचा अभ्यास हा त्यांच्या विद्वत्तेचा पाया होता, हे आपण विसरतो. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी तेथील अर्थसंकल्पावर बोलले. कर कोणाकडून घेतला जातो आणि खर्च कोणासाठी होतो, हा प्रश्न ते सामाजिक न्यायाचा प्रश्न मानीत. म्हणूनच घटनेचा मसुदा तयार होत असता सरकारच्या तिजोरीला एकच कुलूप घालून भागले नाही. एकापाठोपाठ एक अशी अनेक कुलुपे घातली गेली.

पहिले कुलूप अनुच्छेद २६६चे. राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याच्या मंजुरीवाचून एक पैसाही काढता येत नाही. दुसरे कुलूप अनुच्छेद २०३ व २०४ ह्यांचे. सरकारने आपल्या खर्चाच्या मागण्या विधानसभेपुढे मांडाव्या, सभेने त्यांवर मत द्यावे आणि मग विनियोजन कायदा व्हावा. वर्षाच्या मध्येच नवी गरज उद्भवली किंवा मंजूर रक्कम अपुरी पडली, तर अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागणी घेऊन सरकारने पुन्हा सभागृहात यावे. मंजुरीहून अधिक खर्च होऊन गेला असेल, तर तोही सभागृहाकडून नियमित करून घ्यावा.

पण वादळ अधिवेशनाची तारीख पाहून येत नाही. म्हणून अनुच्छेद २६७ मध्ये आकस्मिकता निधीची तरतूद आहे. हा निधी राज्यपालाच्या स्वाधीन असतो. ज्या खर्चाची पूर्वकल्पना नव्हती आणि जो थांबवता येत नाही, त्यासाठी ह्या निधीतून उचल घेता येते. मात्र विधानमंडळाची मंजुरी मिळेपर्यंतच. मंजुरी मिळाली की उचललेली रक्कम निधीत परत भरावयाची. मुंबई राज्याने १९५६ साली ह्यासाठी कायदा केला. आज तोच निधी महाराष्ट्र आकस्मिकता निधी म्हणून ओळखला जातो, आणि त्याची नेहमीची मर्यादा १५० कोटी रुपयांची आहे. हीच राज्याची राखीव कणगी. ती उघडता येते, पण पुन्हा भरावी लागते. आणि का उघडली, हे सांगावे लागते.

शेवटचे कुलूप भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक ह्यांचे. राज्याच्या हिशेबांवरील त्यांचा अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे विधानमंडळापुढे ठेवावा लागतो, आणि सभागृहाची लोकलेखा समिती तो तपासते. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी ह्या अधिकाऱ्यास घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. ह्याचे कारण उघड आहे. मंत्री खर्च करतो, सभागृह मंजुरी देते. पण पैसा ठरल्याप्रमाणे ठरल्या ठिकाणी पोचला की नाही, हे तपासणारा माणूस स्वतंत्र नसेल तर बाकीची सर्व कुलुपे शोभेची ठरतात.

थोडक्यात, संकटकाळी क्रम बदलतो. एरवी आधी मंजुरी आणि मग खर्च. संकटात आधी खर्च आणि मग मंजुरी. क्रम बदलला म्हणून पायरी गळत नाही. पायरी गळू लागली म्हणजे जनतेने जागे व्हावे.

सन २०१९चा नोव्हेंबर

ही पायरी किती नाजूक आहे, ते महाराष्ट्राने २०१९ साली पाहिले. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर क्यार चक्रीवादळाच्या पावसाने कोकणातील कापणीस आलेले भात शेतात आडवे झाले. घाटावरही अवकाळी पावसाने खरिपाचा घास हिरावला. नेमक्या त्याच वेळी विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती आणि सरकार बनत नव्हते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली. नव्या विधानसभेच्या सदस्यांचा शपथविधीसुद्धा झालेला नव्हता. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये व फळबागांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असे साहाय्य जाहीर केले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि श्री. देवेंद्र फडणवीस ह्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. २५ नोव्हेंबरला त्यांनी आकस्मिकता निधीतून ५,३८० कोटी रुपये शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी देण्यास मान्यता दिली. २६ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. २७ नोव्हेंबरला आमदारांचा शपथविधी झाला.

वाचकहो, ह्या तारखा पुन्हा एकदा क्रमाने वाचा. ज्या सरकारने सभागृहात बहुमत सिद्ध केलेले नव्हते त्याने, ज्या सभागृहाच्या सदस्यांनी शपथ घेतलेली नव्हती त्याच्या वतीने, १५० कोटींची नेहमीची मर्यादा असलेल्या निधीतून ५,३८० कोटींच्या उचलीस मान्यता दिली. एवढी उचल घ्यावयाची तर आधी निधीची मर्यादाच वाढवावी लागते, आणि सभागृह भरलेले नसता ती अध्यादेशाने वाढते. हे साहाय्य अनावश्यक होते काय? मुळीच नाही. भात कुजलेल्या शेतकऱ्याच्या दारी पैसा जितका लवकर जाईल तितका थोडा. तो निर्णय कोणत्या पक्षाच्या मुख्यमंत्र्याने घेतला, ह्याच्याशीही आम्हांस कर्तव्य नाही. उलट ह्या प्रसंगी घटनेची दूरदृष्टीच दिसून आली. सभागृह नसतानाही पीडितांपर्यंत पैसा पोचविण्याचा मार्ग तिने ठेवलेला होता. मात्र ज्या निर्णयाच्या वेळी विचारणारे कोणीच नव्हते, त्या निर्णयाची मागाहून होणारी तपासणी दुप्पट कसोशीने व्हावयास हवी. आरंभीची सवलत जितकी मोठी, तितकी शेवटची झडती कडक, असा हा साधा न्याय आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा निधी आहे तो अकल्पित खर्चासाठी. परंतु ज्याची कल्पना आधीच होती, ज्यास घाई नव्हती, अशा कामांसाठीही त्यातून उचल घेतल्याचे आक्षेप महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्रावरील अहवालांत नोंदविलेले आहेत. कणगी पुरासाठी राखलेली असता ती जत्रेच्या खर्चासाठी उघडली, तर पूर आल्या दिवशी घरात काय राहील?

दोन दिवसांचे सभागृह

तपासणीला वेळ लागतो, आणि वेळ सभागृहाने द्यावयाचा असतो. कोरोनाच्या साथीत तो मिळाला नाही. २०२० सालचे पावसाळी अधिवेशन ७ व ८ सप्टेंबर असे दोनच दिवस भरले. त्यात २९,०८४ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशनही दोनच दिवसांचे झाले.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले. मालवण, वेंगुर्ले, देवगडपासून आत कुडाळपर्यंत कौले व पत्रे उडाले, आंबा, काजू, माड मुळासकट उपटले गेले, विजेचे खांब आडवे होऊन गावेच्या गावे अंधारात राहिली. २७ मे रोजी मंत्रिमंडळाने तौक्तेग्रस्तांसाठी २५२ कोटी रुपयांच्या साहाय्यास मान्यता दिली. आदल्या वर्षीच्या निसर्ग चक्रीवादळाप्रमाणेच ह्याही वेळी नेहमीच्या निकषांहून अधिक दराने साहाय्य देण्याचे ठरले. हे योग्यच झाले. त्यानंतर विधानमंडळ भरले ते ५ व ६ जुलै २०२१ रोजी. पुन्हा दोनच दिवस. पहिल्याच दिवशी गोंधळ होऊन विरोधी पक्षाचे १२ सदस्य वर्षभरासाठी निलंबित झाले. सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन २८ जानेवारी २०२२ रोजी घटनाबाह्य ठरविले. दोष सत्ताधाऱ्यांचा की विरोधकांचा, हा वाद ज्याने त्याने घालावा. कुडाळच्या माणसाचा प्रश्न साधा आहे : माझे छप्पर उडाले त्यानंतरच्या पहिल्या अधिवेशनात माझ्या तालुक्यातील साहाय्यावर विचारपूस करण्यास किती घटका उरल्या?

साथ ओसरल्यावर अधिवेशने पुन्हा लांबली. पण रकमाही फुगल्या. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी अतिवृष्टिग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ७५,२८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. येथे एक भेद आपण शिकून ठेवला पाहिजे. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा ही घोषणा असते. तिच्यात पीकविम्याची अपेक्षित भरपाई असते, रोजगार हमीतून करावयाची कामे असतात, निरनिराळ्या खात्यांच्या जुन्या योजनाही असतात. विधानसभेने मंजूर केलेली मागणी ही कायद्याची रक्कम असते. आणि महालेखापालाच्या लेख्यात जो आकडा अखेर उमटतो तो प्रत्यक्ष खर्च. घोषणा, मंजुरी आणि खर्च ह्या तीन आकड्यांमध्ये जे अंतर पडते, त्या अंतरात गरिबाचे घर बुडते. म्हणून कोणी पुढारी आकडा सांगेल तेव्हा त्यास विचारा, ह्यांपैकी आपला आकडा कोणता?

तपासणीस नकार

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ह्याच्या कलम ५० प्रमाणे आपत्तीत निविदा न मागवता तातडीने खरेदी करता येते. रुग्ण श्वासासाठी तडफडत असता निविदेची मुदत संपण्याची वाट पाहावी, असे कोण म्हणेल? परंतु निविदेची सूट म्हणजे हिशेबाची सूट नव्हे. हा भेद पुसण्याचा यत्न मुंबईत झाला. राज्य सरकारच्या विनंतीवरून महालेखापरीक्षकांनी मुंबई महानगरपालिकेच्या २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ ह्या काळातील सुमारे १२,०२४ कोटी रुपयांच्या कामांची तपासणी हाती घेतली. त्यांपैकी कोविडवर झालेल्या ३,५३८.७३ कोटी रुपयांच्या खर्चाची कागदपत्रे पालिकेने दिली नाहीत. साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम ह्यांखाली झालेला खर्च तपासता येत नाही, अशी भूमिका तिने घेतली. मार्च २०२३ मध्ये विधानसभेत ठेवल्या गेलेल्या अहवालात एवढी रक्कम तपासणीबाहेर राहिली.

ह्या पैशाचा अपहार झाला, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, आपत्तीच्या कायद्याआड उभे राहून हिशेब नाकारण्याचा प्रघात एकदा पडला, तर पुढच्या प्रत्येक आपत्तीत तो वापरला जाईल. १८९७चा कायदा परकीय सरकारने प्लेगच्या साथीत केला. त्या सरकारला रयतेपुढे हिशेब द्यावयाचा नव्हता. प्रजासत्ताकात त्याच कायद्याचा आधार घेऊन हिशेब टाळणे शोभत नाही. शिवाय आपत्ती व्यवस्थापनाचा जो कायदा ढाल म्हणून पुढे केला जातो, त्याचेच कलम ७० असे सांगते की राज्याच्या आपत्ती प्राधिकरणाने दरवर्षी आपल्या कार्याचा खरा व संपूर्ण अहवाल तयार करावा आणि सरकारने तो विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. कायद्याची एक बाजू वाचावयाची आणि दुसरी झाकून ठेवावयाची, हा न्याय नव्हे.

इंग्लंडातही साथीच्या वेळी तातडीचा खर्च झाला. मार्च २०२० मध्ये तेथील संसदेने कायदा करून आकस्मिक निधीची मर्यादा आदल्या वर्षीच्या मंजूर खर्चाच्या २ टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत वाढवून दिली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ह्या खरेदीवर अहवाल काढला. राजकीय ओळखपाळख असलेल्या पुरवठादारांसाठी निराळी वाट ठेवल्याचे त्यात उघड झाले, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ती वाट बेकायदेशीर ठरविली. सरकारची मुठी सैल करणाऱ्या देशाने तपासणीची मूठ मात्र सैल केली नाही. हे अनुकरणीय आहे.

कात्री कोणाच्या ताटाला?

आपत्तीचा खर्च दोन अंगांनी पाहावा लागतो. एका अंगाने पैसा कोठे गेला हे, आणि दुसऱ्या अंगाने तो कोठून काढून आणला हे. हे दुसरे अंग आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

मार्च २०२० मध्ये विधानमंडळाने वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर केला. ४ मे २०२० रोजी सरकारने एका शासन निर्णयाने विकासकामांवरील खर्च मंजूर रकमेच्या ३३ टक्क्यांवर आणला. आरोग्य, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन अशा खात्यांस प्राधान्य मिळाले. तिजोरीत पैसा नसता हे टाळता आले नसते, हे आम्ही जाणतो. आणि मंजूर रक्कम पूर्ण खर्च करण्याची सक्ती सरकारवर नाही, हेही जाणतो. तथापि सभागृहाने विचार करून वाटलेले ताट एका कागदाने निम्म्याहून अधिक काढून घेतले गेले. कोणत्या योजनेचे किती कापावे, ह्यावर सभागृहात त्या वेळी चर्चा झाली नाही, कारण सभागृह भरलेलेच नव्हते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरकुल ह्यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांस अशा कात्रीची धार सर्वांत आधी लागते, हे सांगावयास कोणी पंडित नको.

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी व आदिवासी विकास खात्याचे ३३५.७० कोटी रुपये 'लाडकी बहीण' योजनेकडे वळविले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेच्या लाभार्थी स्त्रियांत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रिया आहेत, म्हणून खर्च त्या शीर्षाखाली दाखविणे नियमांस धरून आहे, असा सरकारपक्षाचा खुलासा होता. हा खर्च आपत्तीचा नव्हता. पण वळविण्याची वाट तीच आहे. सरकारचा खुलासा खरा असेल तर त्याची परीक्षाही सोपी आहे. ह्या शीर्षाखालील पैशातून कोणत्या जातिवर्गाच्या किती भगिनींस किती रक्कम मिळाली, ह्याचा तक्ता सभागृहापुढे ठेवावा. ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्याला तक्ता मांडण्यास संकोच कशाचा?

कुडाळच्या पंचनाम्यापासून मुंबईच्या सभागृहापर्यंत

आता आपल्या कर्तव्याविषयी बोलू. विधानसभेत जो हिशेब जातो त्याचा पहिला कागद मुंबईत लिहिला जात नाही. तो आपल्या वाडीत लिहिला जातो, आणि त्याचे नाव पंचनामा. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी जे लिहितील तेच कुडाळच्या तहसीलदारांकडे, तेथून ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुढे मंत्रालयात जाते. ज्या घराचा पंचनामा झाला नाही ते घर सरकारच्या दृष्टीने पडलेच नाही. मग महालेखापरीक्षक कितीही दक्ष असोत, न लिहिलेल्या घराचा शोध त्यांस लागणार नाही. यादीतील सर्वांस वाटप झाले म्हणजे कागदावर वाटप पूर्ण होते; यादीबाहेर राहिलेल्याची नोंद कोणत्याच कागदात नसते.

येथे कोकणची एक अडचण आहे. घर ज्याचे, त्याच्याच नावावर त्याखालची जमीन असते असे नाही. सातबारावर भाऊबंदांची नावे असतात, किंवा मूळ मालक निराळाच असतो. घराच्या नुकसानीसाठी साहाय्य देताना ते घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला निकष मागतात. पिकाचे साहाय्य हेक्टरी मोजले जाते; म्हणजे ज्याची जमीन अधिक त्यास, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, अधिक. बागेत मोलमजुरी करणाऱ्या माणसाचा रोजगार बाग उन्मळून पडल्यावर बुडतो, पण त्याच्या नावे हेक्टर नाही. ज्यांची उपजीविका आपत्तीने गंभीरपणे बाधित झाली अशा कुटुंबांस निर्वाहासाठी साहाय्य देण्याची तरतूद केंद्राच्या निकषांत आहे. परंतु ती मागणाऱ्याने मागितली पाहिजे आणि सरकारने लागू केली पाहिजे. आंबेरीचा पूल पाण्याखाली जाऊन माणगाव खोऱ्यातील गावे वर्षानुवर्षे तुटत आली. त्या दिवसांत बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात लिहिली गेली?

म्हणून आमचे आपणांस सांगणे असे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे की नाही ते पाहावे. नसेल तर अर्ज करून पोच घ्यावी. नुकसान झाले तर त्याच दिवशी छायाचित्र काढून लेखी अर्ज द्यावा आणि पंचनाम्याची प्रत मागावी. वाटपाची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ ह्याचे कलम ४ प्रमाणे अनुदानाची रक्कम व लाभार्थी ह्यांची माहिती शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. न केल्यास अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस बंधनकारक आहे. ग्रामसभेत यादी वाचून घ्यावी आणि सुटलेली नावे ठरावात लिहवून घ्यावी. हे काम एकट्यादुकट्याने होत नाही. प्रत्येक वाडीत लिहितावाचता येणाऱ्या दोन तरुणांनी आणि दोन भगिनींनी ही वही सांभाळावी. विहारात पौर्णिमेस जमता, तेव्हा अर्धा तास ह्या वहीस द्यावा.

आणि मग ती वही घेऊन आपल्या आमदारांकडे जावे. कोणत्याही पक्षाचे असोत, ते आपले प्रतिनिधी आहेत. त्यांस तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, पुरवणी मागणीवर कपात सूचना मांडता येते. विधानमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, अनुसूचित जाती कल्याण समिती आहे, लोकलेखा समिती आहे. आमदारांपुढे गाऱ्हाणे घेऊन गेलात तर ते सहानुभूती दाखवतील. गावांची नावे, तारखा आणि सुटलेल्या घरांची संख्या घेऊन गेलात तर त्यांस प्रश्न विचारावाच लागेल. मतदानापूर्वी उमेदवारास हेही विचारा की, पुरवणी मागण्यांवरील चर्चेत आपण किती वेळा बोललात?

सरकारकडूनही आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आकस्मिकता निधीतून घेतलेल्या प्रत्येक मोठ्या उचलीचे कारण पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात निवेदनाद्वारे सभागृहास सांगावे. आपत्तीसाठीच्या पुरवणी मागण्यांवर निराळी चर्चा व्हावी. शेकडो पानांच्या पुस्तकात त्या बुडवू नयेत. निविदेवाचून झालेल्या खरेदीची यादी, पुरवठादार व दर ह्यांसह, सहा महिन्यांच्या आत प्रसिद्ध करावी. कलम ७० खालील अहवाल दरवर्षी वेळेवर सभागृहापुढे यावा आणि त्यात तालुकावार वाटप असावे. ह्यांपैकी एकाही मागणीने पीडितास मिळणारे साहाय्य एका दिवसाने लांबणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात बाबासाहेबांनी आठवण दिली होती की संसदीय कामकाजाची रीत ह्या देशाला परकी नाही. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, हे सर्व नियम भिक्षू संघास ठाऊक होते आणि ते संघ पाळीत असे. संघाची मालमत्ता संघाची असे, कोणा एका स्थविराची नसे. सर्वांच्या वस्तूचा हिशेब सर्वांपुढे, ही शिस्त आपण दीक्षेबरोबर स्वीकारली आहे. ती विहाराच्या वर्गणीपुरती ठेवू नका. ज्या तिजोरीत आपण काडेपेटीसारख्या लहानसहान खरेदीतून, रोजच्या घामातून भर घालतो, त्या राज्याच्या तिजोरीलाही ती लावा. पुढचे वादळ केव्हा येईल ते कोणासही सांगता येणार नाही. ते येईल तेव्हा सरकारने धावून यावे, ही आपली अपेक्षा रास्त आहे. आणि ते गेल्यावर आपण वही उघडून विचारावे, हे आपले कर्तव्य आहे.